कार्बन फायबर, ॲल्युमिनियम आणि खारा वारा: फायबर घातलेला धातू छोट्या फाउंड्रीत कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ तुमची ॲल्युमिनियमची छोटी फाउंड्री आहे. ट्रॉलरच्या विंचच्या पुल्या, ब्रॅकेट, पंपाची झाकणं तुम्ही एलएम ६ या ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूत ओतता. तारेच्या दोरानं पुलीची खाच झिजते, बोअर, म्हणजे शाफ्ट बसतो ते मधलं भोक, ढिलं होतं आणि तांडेल दर हंगामात तक्रार घेऊन येतात. म्हणून तुम्ही कार्बन फायबरचे बारीक तुकडे आणून रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, टाकले आणि ढवळलं. बरेचसे तुकडे मळीबरोबर वर आले. जे आत राहिले त्यांच्याभोवती भोकं पडली आणि त्या पुल्या साध्या पुल्यांच्याही आधी तडकल्या. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: चूक फायबरची की ढवळण्याची, आणि हे काम आपल्याकडच्या कारखान्यात होऊ शकतं का.

होऊ शकतं. पण कार्बन घेऊन नाही आणि ढवळूनही नाही. मी बरीच वर्षं हेच काम केलं आहे, म्हणून कारणांसकट सांगते. कारणं कळली की पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

तुम्ही ७०० ते ७५० अंशांना ओतता. त्या तापमानाला ॲल्युमिनियमचा थेंब कार्बनवर पसरतच नाही. अळूच्या पानावर पाणी गोळी होऊन राहतं तसा तो राहतो. कार्बन ओला व्हायला लागतो तो साधारण १००० अंशांच्या पुढे. त्यात रसावर ऑक्साइडची पातळ कातडी कायम असते, तीही आड येते. तुम्ही टाकलेला प्रत्येक तुकडा म्हणजे ७ मायक्रॉन जाडीच्या हजारो तंतूंची जुडी. रस त्या जुडीला बाहेरून वेढतो, आत शिरत नाही, आणि आतली हवा आतच राहते. तुमची भोकं ती हीच. वर तरंगण्याचा दोष अनेक जण वजनाला देतात. कार्बन फायबरची घनता १.७६ आणि रसाची २.४ च्या आसपास, हे खरं आहे. पण ३.२ घनतेची सिलिकॉन कार्बाइडची पूडसुद्धा ओली झाली नाही तर वर येऊन बसते. म्हणजे मूळ अडचण ओलं होण्याची आहे, वजनाची नंतर.

मग रस जास्त तापवावा, असं मनात येतं. तिथे दुसरा घोळ सुरू होतो. ५०० अंशांच्या वर ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांशी भिडून ॲल्युमिनियम कार्बाइड तयार करायला लागतात आणि रस जितका गरम, जितका वेळ संपर्क, तितकं ते वाढतं. तंतूच्या पृष्ठभागातून त्याचे सुईसारखे स्फटिक उगवतात, तंतूला खाच पाडतात, आणि ज्याच्या ताकदीसाठी तुम्ही पैसे मोजले तो तंतू तिथेच तुटतो. ओलं करायला गेलं की जळतं, जळू नये म्हणून थंड ठेवलं की ओलं होत नाही. फायबर आणि धातू यांच्यामधली ती एक मायक्रॉनहूनही पातळ सीमा हाच या सगळ्या विद्येचा गाभा आहे. फायबर किती मजबूत आणि धातू कोणता, हे त्यानंतरचे प्रश्न.

आणि कोकणात याच्याही पुढे जावं लागतं. ॲल्युमिनियम कार्बाइडला पाणी लागलं की त्याचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं आणि मिथेन वायू सुटतो. त्याला समुद्रात बुडवायचीसुद्धा गरज नाही, आपल्या जुलैची हवा पुरते. कार्बन-ॲल्युमिनियमचा एखादा तुकडा करवतीनं कापा, घासून चकचकीत करा आणि पावसाळाभर उघड्या फळीवर ठेवा. सुरुवातीला कापलेल्या बाजूवर तंतूंची काळी टोकं स्वच्छ दिसतात. काही आठवड्यांत त्या टोकांभोवती मळकट पांढरी पूड धरते. नखानं खरवडली तर निघते आणि खाली खड्डा दिसतो. कडा किंचित फुगलेली असते, कारण हायड्रॉक्साइडला धातूपेक्षा जास्त जागा लागते आणि ते तंतूच्या कडेकडेनं आत पाचर मारत जातं. तुमच्या उरलेल्या पुलीचा तुकडा असेल तर हे करून बघाच. मी कितीही लिहिलं तरी त्या तुकड्याइतकं ते पटणार नाही.

खाऱ्या पाण्याचा त्रास वेगळा. कार्बन वीज वाहतो आणि समुद्राच्या पाण्यात त्याचं विद्युत विभव ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ १ व्होल्टनं वरचं असतं. म्हणजे प्रत्येक तंतूभोवती एक छोटी बॅटरी तयार होते आणि तीत खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. होडीच्या तळाला आपण जस्ताचा तुकडा ठोकतो तो स्वतः झिजून बाकीच्यांना वाचवतो. इथे तुमचा धातूच तो जस्ताचा तुकडा होतो, फरक इतकाच की तो आतून पोखरला जातो आणि बाहेरून कळत नाही.

तुम्ही वाचलं असेल की कार्बन-ॲल्युमिनियम अवकाशात वापरलं आहे. बरोबर आहे. हबल दुर्बिणीच्या अँटेनाचा ३.६ मीटर लांबीचा दांडा ग्राफाइट फायबर (कार्बन फायबरचाच प्रकार) आणि ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा आहे. त्या कामाला वजनात हलका, ताठ आणि ऊन-सावलीत लांबी न बदलणारा दांडा हवा होता. ॲल्युमिनियम तापल्यावर जितकं वाढतं तितकं कार्बन फायबर वाढत नाही, उलट लांबीच्या दिशेनं किंचित आक्रसतं, म्हणून दोघं मिळून लांबी जवळजवळ स्थिर राहते. तो दांडा रस ओतून केलेला नाही. धातू घन अवस्थेतच ठेवून उष्णतेनं आणि दाबानं तो फायबरला चिकटवतात, त्याला डिफ्यूजन बाँडिंग म्हणतात. आणि अवकाशात ना दमट हवा, ना मीठ. त्याच रीतीनं अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मधल्या सांगाड्यात बोरॉन फायबर आणि ॲल्युमिनियमच्या २४३ नळ्या बसवल्या होत्या आणि त्यामुळे सुमारे १४५ किलो वजन वाचलं. बोरॉनचा तंतू टंगस्टनच्या बारीक तारेवर वायूतून बोरॉन चढवून करतात, तो १०० ते १४० मायक्रॉनचा असतो आणि त्याची किंमत यानाच्या कामालाच परवडते. ही उदाहरणं मोठी आहेत, पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या जेटीवर ती लागू पडत नाहीत.

निकेल चढवलेलं कार्बन फायबर घ्या, असा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. त्याला आधार आहे. धातुशास्त्रज्ञ प्रदीप रोहतगी यांनी १९६०च्या दशकात निकेल चढवलेले ग्राफाइटचे कण ॲल्युमिनियमच्या रसात घालून दाखवले आणि ओतकामानं असे धातू करायची वाट तिथून रुंद झाली. निकेलवर रस पसरतो, हे खरं. पण तो निकेलचा थर रसात भराभर विरघळतो, आणि त्याचं ॲल्युमिनियमशी जे संयुग होतं ते ठिसूळ असतं. शिवाय समुद्राच्या पाण्यात निकेलही ॲल्युमिनियमच्या विरुद्ध बाजूलाच उभं राहतं. कोरड्या, बंद जागेतल्या भागाला ठीक आहे. होडीवरच्या भागाला मी ते सुचवणार नाही.

मग कोणतं फायबर? ॲल्युमिना. म्हणजे ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड. ते वीज वाहत नाही, त्यामुळे बॅटरी बनत नाही. त्यापासून कार्बाइड होत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आतून फुगत नाही. हवेत १००० अंशांना तापवलं तरी जळत नाही. कार्बन मात्र उघड्या हवेत ४००-५०० अंशांनाच जळायला लागतो. ओलं होण्याच्या बाबतीत ॲल्युमिनाही नाठाळ आहे, पण त्यावर दाबाचा उपाय आहे, तो खाली सांगते.

ॲल्युमिना दोन प्रकारांत मिळतं. एक सलग तंतू, १०-१२ मायक्रॉनचा. त्याचा ताठपणा ३८० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमचा ७०. निम्मं निम्मं घेतलं तर तंतूच्या दिशेत सरासरी २२५ येते, म्हणजे पोलादाच्या थोडं वरच, आणि घनता मात्र ३.३, पोलादाच्या निम्म्याहून कमी. थ्रीएम कंपनीनं अशाच तारा करून उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचा गाभा बनवला. तो माल महाग आहे आणि एकाच दिशेत काम करतो. तुमच्या पुलीवर ताण एका दिशेत येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सुमारे ३ मायक्रॉनचे आखूड तंतू, कापसासारखे सैल येतात. सॅफिल हे त्यातलं जुनं नाव. तुम्हाला हवं ते हेच.

भट्टीच्या अस्तराला आपण जी पांढरी सिरॅमिक गोधडी वापरतो ती स्वस्त आहे आणि तिचेही प्रयोग झाले आहेत. पण तिच्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असते. ॲल्युमिनियमचा रस सिलिकातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तंतू कुरतडतो. तिच्यात तंतू न झालेल्या काचेच्या गुठळ्याही खूप असतात, त्या प्रत्येक गुठळीपाशी तडा सुरू होतो. याच कारणानं साधं काचेचं फायबरही रसात घालू नका. होडीच्या कामातलं उरलेलं फायबर ग्लास हाताशी असतं म्हणून मोह होतो, पण त्यात रेझीनही असतं, ते रसात पडलं की धूर आणि वायू. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचं बसॉल्ट फायबर हल्ली मिळतं. त्यातही निम्मी सिलिकाच.

आता तुमच्या पुलीकडे येऊ. अख्खी पुली फायबरची करायची गरज नाही. झिजतं काय, तर खाच आणि बोअर. फायबर फक्त तिथे घालावं. १९८३ साली टोयोटानं डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये हेच केलं. पिस्टनच्या वरच्या रिंगच्या खाचेत पूर्वी ओतीव लोखंडाचं कडं बसवायचे. त्याऐवजी त्यांनी सिरॅमिक तंतूंचं कडं साच्यात ठेवून त्यात दाबानं ॲल्युमिनियम भरलं. पिस्टन हलका झाला, झीज आटोक्यात आली आणि बाकीचा पिस्टन साधाच राहिला. या क्षेत्रातलं मला सर्वांत जास्त शिकवणारं उदाहरण हेच वाटतं, कारण त्यात महाग वस्तू मोजकी आणि नेमक्या जागी वापरली आहे.

त्या कड्याला प्रीफॉर्म म्हणतात आणि निम्मं यश तो कसा बनतो यावर असतं. समजा कड्याचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, आतला ७०, उंची २०. घनफळ ८० घनसेंटीमीटर भरतं. त्यात १५ टक्के तंतू हवेत, म्हणजे १२ घनसेंटीमीटर. या तंतूंची घनता ३.३, तेव्हा लागतात ४० ग्रॅम. इतकाच माल. तो भरपूर पाण्यात हलकेच विसकटा, गुठळ्या तळाला बसू द्या आणि वरचे तंतू काढून घ्या. त्यात कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिबारीक कण, घाला, प्रीफॉर्मच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, आणि थोडी स्टार्चची खळ. तळाला जाळी असलेल्या साच्यात हे ओतून खालून व्हॅक्यूमनं पाणी ओढा, वरून हलका दाब देऊन उंची नेमकी करा.

इथे खळ कशाला, असं वाटेल. ती नसेल तर वाळताना सिलिका पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकते. बाहेरून कडं टणक आणि आतून भुसभुशीत होतं, आणि प्रेसखाली ते मधोमध दुभंगतं. खळीमुळे सिलिका तंतूंना जागच्या जागी धरून बसते. वाळवणं ११० अंशांच्या ओव्हनमध्ये, उन्हावर सोडू नका; जून ते सप्टेंबर तर इथे काहीच वाळत नाही. मग ९५० अंशांच्या आसपास तासभर भाजा, खळ जळून जाते आणि सिलिका तंतूंचे सांधे पक्के करते. चांगला प्रीफॉर्म हातात घेतला की खडूपेक्षा हलका लागतो, बोटानं दाबला तर दबत नाही, आणि मोडून बघितला तर आतला पांढरेपणा आणि घट्टपणा कडेपासून मध्यापर्यंत सारखा दिसतो. पहिले दोन-तीन मोडून बघण्यासाठीच करा.

आता रस आत घालायचा. न ओल्या होणाऱ्या फटीत रस ढकलायला किती दाब लागतो याचं गणित सोपं आहे. ॲल्युमिनियमचा पृष्ठताण ०.८६ न्यूटन प्रति मीटर धरा, फटीची त्रिज्या १ मायक्रॉन धरा, तर सुरुवातीचा दाब १५ बारच्या, म्हणजे दीड मेगापास्कलच्या, आसपास येतो. आखूड तंतूंच्या सैल प्रीफॉर्ममध्ये फटी मोठ्या असतात, म्हणून थोडक्या दाबातही रस आत शिरतो. पण दोन तंतू जिथे एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यांत पोहोचायला कितीतरी जास्त लागतो. म्हणून स्क्वीझ कास्टिंगमध्ये, म्हणजे प्रेसच्या दाबाखाली रस गोठवायच्या रीतीत, ५० ते १०० मेगापास्कल देतात. १२० मिलिमीटर व्यासाच्या डायला ७० मेगापास्कल द्यायचे तर जोर ८० टनांच्या घरात जातो. शंभर टनांची हायड्रॉलिक प्रेस पुरते, आणि तशी प्रेस आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत सापडणं अवघड नाही.

क्रम असा ठेवा. डाय २५० अंशांपर्यंत तापवा. प्रीफॉर्म वेगळ्या भट्टीत ५०० ते ६०० अंशांवर तयार ठेवा. तो थंड असेल तर रस त्याच्या तोंडाशीच गोठतो आणि आत कोरडा कापूस राहतो. रस ७६० च्या आसपास. प्रीफॉर्म डायमध्ये ठेवताना तळाला चिकटवू नका, छोट्या टेकूंवर ठेवा, म्हणजे रस चहूकडून येईल. रस ओतला की काही सेकंदांत पंच खाली आला पाहिजे, पण रसाला टेकल्यावर मात्र सावकाश. पहिले १० मेगापास्कल घाईनं दिलेत तर रस आत शिरायच्या आधी प्रीफॉर्म चेपला जातो. मग पूर्ण दाब, आणि तो मिनिट-दीड मिनिट धरून ठेवा, आतलं सगळं गोठेपर्यंत. हवा निघायला डायमध्ये बारीक वाट हवीच, नाहीतर ती हवा प्रीफॉर्मच्या मध्यभागी कोंडून राहते.

धातू तुमचा एलएम ६ च राहू द्या. त्यातलं १० ते १३ टक्के सिलिकॉन त्याला पातळ ठेवतं आणि खाऱ्या हवेत तो टिकतो, हे तुम्ही रोज बघताच. एलएम २५ घेऊन उष्णतोपचारानं ताकद वाढवावी असं वाटलं तर एक लक्षात ठेवा: त्यातलं मॅग्नेशियम प्रीफॉर्ममधल्या सिलिकाशी आणि ॲल्युमिनाशी भिडून स्पिनेल नावाचं संयुग बनवतं, थोडंसं झालं तर पकड वाढते, पण मॅग्नेशियम तिथे खर्ची पडल्यामुळे उष्णतोपचाराला उरत नाही. आणि भंगारातल्या भांड्यांचा रस या कामाला नको. लोखंड वाढतं, त्याच्या ठिसूळ पात्या प्रीफॉर्मच्या फटीत अडकतात.

पावसाळ्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेल्या पुस्तकांत हे सापडत नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या आणि हत्यारांवरच्या ओलाव्यातून हायड्रोजन घेतं. गोठताना त्याची हायड्रोजन धरण्याची क्षमता सुमारे वीसपटीनं घटते, आणि बाहेर पडणारा वायू भोकं पाडतो. प्रेसचा दाब ही भोकं दाबतो, पण पूर्ण बरी करत नाही. म्हणून कोरड्या आर्गॉननं किंवा नायट्रोजननं रस साफ करा, फ्लक्सची पिशवी उघडी ठेवू नका, ढवळायचा गज आणि पळी प्रत्येक वेळी लालसर तापवून मगच रसात घाला. धुराच्या गोळ्या टाकून गॅस काढायची जुनी सवय बंद शेडमध्ये तरी सोडा, तो क्लोरिनचा धूर फुप्फुसं खातो.

आणि जमीन. आपल्या बऱ्याच शेड जांभ्यावर किंवा ओल धरणाऱ्या कोब्यावर उभ्या असतात. जांभा सच्छिद्र आहे, वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. त्यावर रस सांडला तर खालच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. प्रेसखाली दाबाच्या वेळी फटीतून रस उडण्याचा धोका इथे जास्त, म्हणून प्रेसभोवती कोरड्या वाळूचा जाड थर घाला, पंचाला पत्र्याचा आडोसा करा, चेहऱ्यावर पूर्ण काच आणि अंगावर चामड्याचा ॲप्रन असल्याशिवाय कोणाला जवळ येऊ देऊ नका. छप्पर ठिबकत असेल तर त्या दिवशी ओतकाम नको. यात तडजोड करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

झालेलं काम बघायचं कसं? सर्वांत सोपी परीक्षा वजनाची. कड्याच्या भागातून तुकडा कापा, हवेत तोला, मग पाण्यात लोंबता ठेवून तोला आणि घनता काढा. एलएम ६ ची घनता २.६५ आणि त्यात १५ टक्के तंतू, तर ती २.७५ च्या जवळ यायला हवी. २.६१ आली तर सुमारे ५ टक्के पोकळी राहिली आहे आणि तो तुकडा बाद. मग एक तुकडा बारीक पॉलिश पेपरपर्यंत घासून, शेवटी हिऱ्याच्या पेस्टवर पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तंतू गोल किंवा लांबट ठिपके म्हणून एकेकटे दिसले आणि प्रत्येकाभोवती धातू असला तर काम जमलं. चार-पाच ठिपके एकत्र आणि मध्ये काळं भोक, असं दिसलं तर तिथे रस पोहोचला नाही: प्रीफॉर्म थंड होता किंवा दाब उशिरा आला. घनतेचा आकडा आणि हे चित्र दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यातून काय मिळेल याची अपेक्षा नेमकी ठेवा. १५-२० टक्के आखूड तंतूंनी ताठपणा ७० वरून ९० गिगापास्कलच्या आसपास जातो. साध्या तापमानाला ताण सोसायची ताकद फारशी वाढत नाही. २५० ते ३०० अंशांना मात्र साधा ॲल्युमिनियम ढेपाळतो आणि हा उभा राहतो. झीज स्पष्ट कमी होते. पण लवचिकता जाते: तुटण्याआधी तो एखादा टक्काही ताणत नाही. म्हणून जिथे धक्के बसतात, उदाहरणार्थ पुलीची बाहेरची कड, तिथे फायबर नको, तिथे साधा धातूच राहू द्या. थंड होताना ॲल्युमिनियम तंतूंपेक्षा तिप्पट आक्रसतं, त्यामुळे कड्याच्या सीमेवर आधीच ताण बसलेला असतो. कड्याचे कोपरे गोल ठेवा.

आता माझं खरं मत. नुसती पुलीच हवी असेल तर कास्ट नायलॉनची पुली करा. ती दोर खात नाही, गंजत नाही आणि तुमच्या पुलीपेक्षा स्वस्त पडेल. ॲल्युमिना तंतू टणक असतात; खाचेत घातले तर पुली टिकेल पण तारेचा दोर लवकर झिजण्याची शक्यता असते, आणि दोर पुलीपेक्षा महाग आहे. बोअरमध्ये मात्र फायबरचं कडं बसवायला हरकत नाही, शाफ्ट पुरेसा टणक असेल तर. या विद्येची खरी जागा उष्णता आणि झीज एकत्र येतात तिथे आहे. पिस्टन हे त्यातलं एक. विंचच्या ब्रेकचा ड्रम हे दुसरं, आणि तिथे तंतूंपेक्षा सिलिकॉन कार्बाइडचे कण घालून ढवळण्याची रीत तुम्हाला जास्त जवळची आहे: कण आधी ९००-१००० अंशांना भाजून त्यांच्यावर सिलिकाचा थर आणायचा, रसात १ टक्का मॅग्नेशियम, मगच ढवळायचं. ढवळणं कणांसाठी आहे, तंतूंसाठी प्रेस.

कापताना आणि लेथवर एक काळजी. साधं टूल काही मिनिटांत बोथट होतं. पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याच्या टोकाचं, टूल घ्या, नाहीतर कार्बाइडनं कमी वेगात चालवा. ३ मायक्रॉनचे तुटलेले तंतू फुप्फुसात जाऊ शकतात, आणि भट्टीच्या गोधडीतले सिरॅमिक तंतू तर माणसाला कॅन्सर करू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांच्या यादीत आहेत. पाण्याची धार चालू ठेवून कापा, चांगला फिल्टर मास्क लावा, केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तुमच्याकडे कार्बनचे तुकडे उरले असतील तर ते प्रेसच्या पॅनेलपासून लांब ठेवा. कार्बनची धूळ वीज वाहते आणि पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट करते.

सूक्ष्मदर्शक आणि मिठाच्या फवाऱ्याची चाचणी यांसाठी लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा मुंबईच्या आयआयटीत धातुशास्त्राच्या विभागात विचारा. दाबानं ओतलेल्या ॲल्युमिनियम कंपोझिटवर तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर-एनआयआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेनं अनेक वर्षं काम केलं आहे, प्रीफॉर्मबद्दल त्यांना पत्र लिहिलंत तर मुद्द्याचं बोलता येईल. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत ५ टक्के मीठ आणि ३५ अंश तापमान असतं. ती चाचणी करून घ्या, पण तिच्यावरच थांबू नका.

विकायच्या आधी तीन तुकडे जेटीला बांधा: साधा एलएम ६, ॲल्युमिना घातलेला आणि तुमचा जुना कार्बनवाला. एक बाजू कापलेली आणि उघडी ठेवा, रंग लावू नका. जिथे भरती-ओहोटीत लाट नुसती शिंतडते ती जागा निवडा, सतत पाण्याखालची नको. होडीवरचे तुमचे भागही असेच आलटूनपालटून ओले-सुके होतात. बांधायला नायलॉनचा दोर, लोखंडी तार किंवा स्टेनलेसचा नटबोल्ट नको, नाहीतर त्यांच्यामुळे झालेला गंज तुम्ही फायबरच्या नावावर लिहाल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा तांडेलांनाही तुकडे बघायला सवड असते. बांधण्यापूर्वी वजन लिहून ठेवा. काढल्यावर गंज खरवडू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नायट्रिक ॲसिडमध्ये काही मिनिटं बुडवून साफ करून घ्या, त्यानं गंज जातो आणि धातू राहतो, मग पुन्हा तोला. कापलेल्या बाजूचा फोटो आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवा, आणि घनतेच्या आकड्यांसकट मला पाठवा. प्रीफॉर्म सुधारायचा की दाब, हे त्यावरून सांगता येईल.